चौथा डबा

मफेटेंगच्या बसथांब्यावर, पत्र्याच्या आडोशाला
लिनेओ मकोएन्याचे गोळे तळते.
मी शेजारी बूट शिवतो, मला सगळं दिसतं.

पहिल्या आठवड्यात म्हणाली, फायदा झाला!
डबा हलवून दाखवला, खुळखुळला.
सोमवारी दुकानात गेली तेव्हा कळलं,
खुळखुळत होतं ते पुढचं पीठच.

मग तीन डबे: पीठ, तेल, रॉकेल.
चौथाही आणला,
त्यावर काय लिहावं ते मात्र सुचेना.

मावसभाऊ आला. दुसरा स्टोव्ह घे, पैसे मी देतो,
व्याजाचं काय, आपण घरचेच.
तिनं त्याला गरम गोळा दिला
आणि त्याचे पैसे घेतले.

जुलैत बर्फ पडला, बस आल्या नाहीत.
वहीत तिनं लिहिलं, नव्वद,
आणि पुढे काहीच नाही.
त्या रात्री घोंगडी तेवढीच होती,
पाय पोटाशी घेतले.

आज चौथ्या डब्यावर खडूनं लिहिलंय, लिनेओ.
दुपारी भूक लागली तशी
एक गोळा उभ्या उभ्या खाल्ला,
बोटं पुसली,
आणि लिनेओतून एक नाणं काढून
पिठात टाकलं.