मुकादम

हसुराम भोईरनं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून
चहा बशीत ओतत आकडा सांगितला.
साडेआठ लाख.
त्यात स्लॅब, भिंती, बाथरूम, रंग
आणि दाराची कडीसुद्धा.
"मामा, टेन्शन नका घेव. तुमी फकत चावी घ्या."

रात्री वहीत जुळवून पाहिलं :
सळई, सिमेंट, रेती, गवंड्याची हजेरी.
सहाच्या पुढं जाईना.
अडीच लाख
नुसतं उभं राहायचे?

कोपरखैरण्यातलं हे घर माझ्या पाठीनं घेतलंय.
एकतीस वर्षं कांदा-बटाट्याच्या गोण्या वाहिल्या,
वजन मला काट्याआधी कळतं.

वरची खोली वर्षाराणीसाठी.
ती नर्स. महिन्यातून पंधरा रात्री ड्युटी.
तिला दिवसा अंधार लागतो.

तर मीच ठेकेदार झालो.
गवंडी मुनीफ, मालद्याचा, हात सोन्याचा.
सेंटरिंगवाला ऐरोलीचा, प्लंबर तुर्भ्याचा,
टाइल्सवाल्याचं नाव कळेपर्यंत
तो बहिणीच्या लग्नाला राजस्थानात पोचला.
प्लंबर म्हणाला, आधी टाइल्सवाल्याला विचारा.
टाइल्सवाला फोनवर म्हणाला, पाइप ठरला की बोलवा.
वायरमननं भिंत फोडली
ती परवाच गिलावा केलेली.
मुनीफ तिच्याकडं बघत बिडी ओढत राहिला,
बोलला नाही काही,
दुसऱ्या दिवशी आला नाही.

रेती आली तेव्हा मी बँकेत होतो.
एक ब्रास घोरपडे वहिनींच्या दारात ओतून
गाडी निघून गेली.
वहिनी आठ दिवस रेतीवरून ये-जा करीत होत्या,
नवव्या दिवशी त्यांनी बोलणं सोडलं.

आणि स्लॅबला पाणी मारायचा पाइप
एका रात्री चालूच राहिला.
सकाळी सिमेंटच्या बारा गोण्या दगड.
गोणीखाली फळी घालावी
हे मला,
मला,
कुणी शिकवायचं?

बायको म्हणाली, हसुरामला फोन लावा.
मी वही मिटली.

वर्षाराणी कानात कापूस घालून
स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपायची.
डोक्यावर हातोडा.
संध्याकाळी केसातली धूळ झटकून ड्युटीला जायची.
झोपेसाठी खोली,
आणि खोलीपायी पाच महिने झोप नाही.

त्या दिवसांत मला ज्ञानू सकपाळ आठवायचा.
आमच्या टोळीचा मुकादम.
काखेत वही, गालात सुपारी,
गोणीला बोट लावलेलं कधी पाहिलं नाही.
पगाराला आम्ही हमखास म्हणायचो, ह्याला कशाचे?
एकदा तो भावकीच्या लग्नाला गेला मेढ्याला.
त्या सकाळी एकाच गाळ्यापुढं सात ट्रक लागले,
आणि आम्ही बारा जण, एकेक बैल,
खांद्यावर फडकं टाकून
आधी कुणी वाकायचं यावर
दुपारपर्यंत उभे.

शेवटची बेरीज आठ लाख बारा हजार.
माझी हजेरी धरलेली नाही.

वास्तूला हसुराम आला, पेढा खाल्ला,
बाथरूममध्ये मगभर पाणी ओतलं
आणि बघत राहिला.
पाणी जाळी सोडून दाराकडं निघालं.
तो हसला असता तर बरं झालं असतं.
"उतार उलटा गेलाय, मामा."
"माझाच आहे," मी म्हटलं.
रोज पुसतो.

आता सकाळचे दहा.
वरच्या खिडकीला काळा कागद,
वर्षाराणी झोपलीय.
मी तिसऱ्या पायरीवर.
भंगारवाला आरोळीला तोंड उघडतो
तेवढ्यात मी हात वर करतो.
कुरिअरवाल्याला बेलपासून अडवतो.
घोरपडे वहिनी प्रेशर कुकर लावायच्या आधी
खिडकीतून माझ्याकडं बघतात,
मान हलवतात.

बाकी काही करत नाही.
नुसता उभा असतो.