काचेवरचा अंधार

बांबोळीच्या पठारावर, तिसऱ्या मजल्यावर
आमचा फ्रीज रात्रभर घरघरतो.
आत बश्या. मेंढीच्या रक्ताची तांबडी जेली,
तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके
आणि प्रत्येक ठिपक्याभोवती
रक्त खाऊन लख्ख केलेलं एक कडं.
किती निगुतीनं जेवतात!

सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळीनं दिसतात.
अबोलीच्या फातीसारखे, असं मी पहिल्या दिवशी म्हटलं,
तर लोटलीकर बाई म्हणाल्या,
फुलांची उपमा नको, लोकांना त्यांची दया येईल.
साखळी म्हण.
मी म्हटलं, साखळी माझ्या गावाचं नाव आहे.
बाई हसल्या नाहीत. त्यांना माहीत होतं
साखळीला माझं कोण असतं.

त्यांच्या अंगावर लव असते, प्रथिनाची,
उभी, दुपेडी,
सुंभाला असतो तसा पीळ असलेली.
लवेचं टोक गावागणिक वेगळं:
केरीच्या पोरांच्या घशात एक, काणकोणात दुसरं,
दोनशेच्या वर टोपणनावं.
बुंधा मात्र, भिंतीत रुतलेला, जवळजवळ सगळ्यांचा सारखा.
आम्ही ठरवलं, टोकामागं धावायचं नाही,
बुंधा धरायचा.
तेवढाच तुकडा शरीराला दाखवायचा, म्हणायचं,
हा लक्षात ठेव.

पण मधला पीळ
हृदयाच्या स्नायूतल्या पिळासारखा दिसतो.
एवढंच. एवढंसंच साम्य.
शरीर चोराची चाल पाठ करतं
आणि मग तसाच चालणारा घरचा माणूस
दारात दिसला की
त्याच्यावरच काठी उगारतं.

सुलक्षा नऊ वर्षांची होती. घसा दुखत होता.
मिठाच्या गुळण्या केल्या, शाळा दोन दिवस बुडली,
बरी झाली.
तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, मग तो उतरला
आणि घोटा सुजला,
जणू आत कुणीतरी खोली शोधत फिरत होतं.
खोली मिळाली.

आता ती एकतीसची. दर एकविसाव्या दिवशी
आरोग्य केंद्रात पेनिसिलीन.
पियेदाद सिस्टर कुपी आधी तळहातात धरून ऊब देते,
म्हणते, मातशें दुखतलें हां, बाय.
गेली कितीतरी वर्षं
तेवढंच मातशें.

माझं काम असं:
उंदराला तुकडा टोचायचा, दिवस मोजायचे,
त्याच्या रक्तातलं पाणी घ्यायचं
आणि हृदयाच्या कागदाहून पातळ कापावर सोडायचं.
वर रंग. मग खोलीतले दिवे बंद.
चिकटलं, तर काप हिरवा उजळतो.
हिरवा म्हणजे नापास.
अख्ख्या गोव्यात हिरव्याचं कौतुक,
फक्त या खोलीत
वायंगणाच्या शेतासारखी काच दिसली
की आम्ही वहीत फुली मारतो.
नऊ तुकडे. नऊ शेतं.

दहाव्याच्या दिवशी मी डोळा लावला
आणि काही नव्हतं.
दिवा तपासला. रंगाची तारीख तपासली.
जो काप उजळायलाच हवा, तो शेजारी उजळत होता.
याच्यावर मात्र अंधार,
साधा, सपाट, वीज गेल्यावर असतो तसा.
बाईंनी इतका वेळ पाहिलं
की मला वाटलं झोप लागली.
मग म्हणाल्या, डाव्या कोपऱ्यात एक ठिणगी आहे.
धूळ असेल, मी म्हटलं.
असेल, बाई म्हणाल्या, उद्या दुसरा उंदीर.

कदंबाच्या शेवटच्या बसमध्ये
खिडकीशी बसून मी हिशेब केला:
दुसरा उंदीर, मग ससे, मग माणसं, मग वर्षं.
आणि तरी ते सुलक्षासाठी नाहीच.
तिची झडप आता आहे तशीच.
ते कुणातरी पोरासाठी, जे अजून
आ करायला शिकलेलं नाही.

घरी तिनं विचारलं, इतका उशीर?
काय पाहत होतीस?
काही नाही.
संध्याकाळभर?
हो, मी म्हटलं, संध्याकाळभर काहीच दिसलं नाही,
आणि मला हसू आवरेना.
तिला वाटलं, बस लागली असेल.
तिनं पेजेचं ताट पुढं केलं,
भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं गेली
आणि एकवीस मोजून
एका शुक्रवारभोवती गोल काढला.