काटा स्थिर होईस्तोवर

लाखांदूरच्या रोडवर, तलावाच्या पाळीला लागून
राईस मिल, आणि मिलच्या तोंडाशी हा काटा.
ट्रॅक्टर चढला की एका वायरीतून आकडे खोलीत येतात,
एकामागे एक, मुंग्यांसारखे.
माझी स्क्रिप्ट दाराशी बसलेली.
कोणाचा धान, कोणता वाण, ती विचारत नाही.
एवढंच बघते : ओळ संपली का?
नसेल संपली, तर थांबते.

सोनबा कापगते या काट्यावर तीस वर्षं.
आधी लोखंडी दांडी होती,
कानावर पेन्सिल, मांडीवर लाल वही.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
"पोरी, तुही मशीन लिवते कुठं?
कागद तं दिसून नाही राहिला."
फाइलमध्ये, मी म्हटलं.
"अन् फाइल कुठं?"
मी काळ्या पडद्याकडं बोट केलं
आणि माझं मलाच पटलं नाही.

त्याच आठवड्यात मी फाइल लिहायला उघडली.
जोडायला उघडायची होती.
एका अक्षराचा फरक.
लिहायला उघडली की ती आधी पाटी पुसते,
मग हात जोडून विचारते, हं, बोला.
मंगळवारचे त्रेचाळीस ट्रॅक्टर गेले
आवाज न करता.
चुकांची वाट मी वेगळी काढून दिलेली,
तिथल्या फाइलीचं नाव 'बोंब'.
बोंब कोरी होती.
यंत्राच्या मते काहीच चुकलं नव्हतं,
सांगितलं तेच तर केलं.

सोनबा काही बोलला नाही.
कपाट उघडलं, लाल वही काढली.
"लिवून ठेवत होतो. सवय."

त्या रात्री वायर काढून ठेवली.
इनपुट म्हणजे त्याचा आवाज.
पलीकडच्या गावात मंडई होती,
नाटकातली नायिका भोंग्यातून रडत होती
आणि हा चष्मा कपाळावर चढवून वाचत होता :
रहांगडाले, बावीस क्विंटल चाळीस.
हटवार, सतरा...
हा सात की एक? मी विचारलं.
"सात. त्याची लेक बी चढली होती काट्यावर,
फुगा घेऊन. तिले उतरवलं, मंग घेतलं."
माझ्या फाइलीत फुग्याला रकाना नव्हता.

आता जोडायलाच उघडते.
प्रत्येक ओळीनंतर बजावते, टाक, खाली टाक,
कारण ही लबाड आहे : लिहिलं म्हणते
आणि ओंजळीतच धरून बसते,
ओंजळ भरली की मग ओतते.
मधेच लाइट गेली तर ओंजळही गेली.
आणि लाइट इथं सांगून जात नाही.
रात्रीची नक्कल आधी भलत्याच नावानं करते,
शेवटची ओळ उतरली की मगच खरं नाव,
बारशापर्यंत बाळाला नुसतं बाळ म्हणतात तसं.
मालकाचा भाचा म्हणाला, मलाही हात लावू दे फाइलीला.
मी त्याला वाचायची परवानगी दिली.

सोनबा यंदा आला नाही. गुडघे.
वही टेबलावर आहे, पेन्सिल आत खोचलेली.
ट्रॅक्टर चढतो, चाकं ठरतात,
आकडे मात्र हलत राहतात,
चाळीस, सदतीस, चाळीस, एकोणचाळीस.
स्क्रिप्टमध्ये एक अट आहे :
सलग पाच आकडे सारखे आले तरच लिही.
कंपनीच्या पुस्तकात तीन म्हटलेत.
पाच त्याचे.
"एकडाव थांबला म्हणून थांबला नसते, पोरी.
पाच श्वास घे, मंग लिव."

त्या ओळीपुढं मी शेरा टाकलाय, एकच शब्द,
सोनबा.
यंत्र शेरे वाचत नाही,
ओलांडून पुढं जातं.
जाऊ दे. ट्रॅक्टर उभा आहे.