रुमालाखाली

मार्चची एकतीस. सांगली-मिरज रोड.
काचेच्या आत बावीस डिग्री, बाहेर डांबर मऊ.
आदगोंडा मगदूम, हळदीचे अडते,
चपला दाराशी काढून आत आले.
"राहू द्या की पायात," मी म्हटलं.
"फरशी बघा की कशी लखलखतीय," म्हणाले,
आणि अनवाणी फिरले
अडुसष्ट लाखांच्या भोवती.

बॉनेट उघडायला लावलं नाही.
अ‍ॅव्हरेज विचारलं नाही.
दार लावलं, कान दिला.
पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.
तेव्हा कळलं, हे हळकुंड मोडून बघतायत.
आवाज खणखणीत तर माल आतून वाळलेला.
माझे अब्बा असंच ऐकायचे,
तीस वर्षं मार्केट यार्डात तोलार.
ते मी सांगितलं नाही.
बॅजवर फक्त मेहजबीन शिकलगार
आणि खाली बारीक अक्षरात, सीनियर कन्सल्टंट.

"शेवटचं काय ते बोला."
मी बोलले. विमा कंपनीचा, टॅक्स सरकारचा,
माझ्या हातात काही नाही.
"हातात कुणाच्याच काही नसतंय ओ. साठ."
मी हसले. तेही हसले.
चहा आला. चहा संपला. दुसरा आला.
ड्रॉवरमध्ये साहेबांची चिठ्ठी,
साडेतीनपर्यंत सोड, पुढं एक रुपया नाही.
भिंतीवरच्या तक्त्यात माझ्या नावापुढं
महिन्याचा शेवटचा चौकोन रिकामा.
तो त्यांना बसल्या जागेवरून दिसत होता.
मी खुर्ची सरकवून आड आले.
फार उशिरा.

मग ते गप्प बसले.
पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये या गप्प बसण्यावर
एकही धडा नव्हता.

खिशातून रुमाल निघाला, मोठा, पिवळट,
टेबलावर पसरला.
त्यांचा हात रुमालापर्यंत गेला आणि थबकला.
परक्या पोरीचा हात, कसा धरायचा?
"तूच बस," ते बायकोला म्हणाले.

अनंतमतीकाकींनी तोवर एकच विचारलं होतं,
सीट धुता येतात का.
आता त्यांनी पर्स खाली ठेवली,
बांगड्या कोपराकडं सारल्या,
आणि रुमालाखाली माझी पाचही बोटं
एकदम धरली.

पाच. म्हणजे पाच लाख सोडा.
शून्यं किती, ते कुणी सांगत नसतं.
मी अंगठा सोडवून घेतला. मग करंगळी.
काकींची भुवई जराशी उचलली,
पोरीला येतंय.
येतंय की. लाइट गेली की अब्बा
रजईत माझी बोटं धरून भाव काढायचे,
चुकलं की चिमटा.
अम्मी म्हणायची, पोरीला काय करायचंय हे.

काकींची बोटं कोरडी, राठ,
नखांच्या कडेला न निघणारी हळद.
तीन बोटं. वर एक पेर. म्हणजे साडेतीन.
अजून एक पेर मागितलं.
मी दिलं नाही.
पुन्हा मागितलं, हळू,
झोपलेल्या लेकराच्या हातातलं खेळणं काढावं तसं.
मी मूठ मिटली.

वर सगळं शांत.
मगदूम छताकडं बघत होते,
तिथं पाऊसपाणी लिहिल्यासारखे.
काचेच्या केबिनमध्ये साहेब
बंद फोनवर बोलत होते.

मग काकींनी माझी मिटलेली मूठ
आख्ख्या तळव्यात घेतली, आणि दाबली.
या दाबण्याचा आकडा
अब्बांनी शिकवला नव्हता.
मी अजून लावून बघते.

रुमाल उचलला.
"झालं."
"कितीला?" मगदूमांनी विचारलं.
"घरी सांगते."

रात्री साहेबांनी बिल बघितलं, साडेतीन,
चिठ्ठीबरहुकूम.
"कसा काय बसवलास गं?"
मी हात धुऊन आले होते, तरी वास होता.
"बसला," म्हटलं.

मॅट मात्र त्यांनी फुकट नेल्या.
छत्री नेली, सनशेड नेलं,
आणि सही केल्यावर
माझं पेन.