विसर्ग

दुपारी तीन चाळीस. नोंदवहीत अक्षर माझंच आहे.
दरवाजे चार, पाच, सहा : दीड फूट.
आदेश वरून आलेला. सही खाली.
बाहेर पाऊस असा, की समोरचं धरणही दिसेना.

त्याआधी मी फोन लावला होता, ते वहीत नाही.
"दादा, पाणी सोडतोय. दुकान सोड."
मागे भांडी वाजत होती,
गडूसाठी कुणी दहा रुपयांची घासाघीस करत होतं.
"हो," म्हणाला. "हो रे, निघतो."

मग मी बटण दाबलं.

गंगापूरचं पाणी रामकुंडावर यायला वेळ लागतो.
तेवढ्यात माणूस चहा संपवतो, शटर ओढतो,
सरकारवाड्याच्या पायऱ्या चढून सराफ बाजारात पोचतो.
भोंगा तीनदा वाजला.
दौलतदादा वर आला होता. पाचजणांनी पाहिला.
मग परत खाली उतरला.
गल्ल्यासाठी, म्हणतो एक.
शेजारच्यानं कुत्रं बांधून ठेवलं होतं, म्हणतो दुसरा.
मी दोन्ही खरं मानतो, दिवसाआड.

दहाव्याला गुरुजी म्हणाले,
देवानं पाय दिले, वाट दिली, पुढचं ज्याचं त्याच्याकडे.
खरंय. पायऱ्या उतरले ते पाय दादाचेच.
ढकललं कुणी नाही.
आणि पाणी अडवून धरलं असतं तर धरण गेलं असतं,
मग तो एकटा गेला नसता.
हे मी चौकशीत सांगितलं, झोपेतही सांगतो.
इथवर देवाचं आणि माझं जमतं :
दोघंही वर बसलेले, दोघांकडेही कारणं.

पण पाऊस माझ्या हातात नव्हता.

सिंधूवहिनीनं कारण विचारलंच नाही.
ताटात भात वाढता वाढता म्हणाली,
"भावजी, बटण दाबताना हात अडखळला का हो?
थोडासुद्धा?"
आदेश तीन अडतीसचा होता, वहिनी.
मधली दोन मिनिटं माझी.
ती मी तिच्या ताटाशेजारी ठेवली.
तिनं मान हलवली, आणि वरण वाढलं.

तेव्हापासून माझा देवाला एवढाच प्रश्न आहे.
तू चांगला का, तू समर्थ का, ते गुरुजींनी बघावं.
तुझ्या वहीत अशी दोन मिनिटं आहेत का?

पूर ओसरल्यावर मी नदीवर गेलो.
पूर मोजायला नाशिककर पट्टी बघत नाहीत,
पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठे लागलं ते विचारतात.
गुडघ्याला. कमरेला. छातीला.
त्या दिवशी तो अख्खाच बुडाला होता.
एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे, एक जाणाऱ्याकडे,
म्हणजे आधीही कळतं, नंतरही कळतं,
आणि दोन्ही तोंडांत गाळ.
पालिकेची पोरं पाइपानं धूत होती.
मी काडीनं त्याच्या कानातला चिखल काढला.
म्हटलं, भोंगा तुला तरी ऐकू आला होता का.
शेंदूर हाताला लागला, चार दिवस निघाला नाही.
त्याला दगडातून हलता येत नाही
की हलायचं नसतं, मला कळत नाही.
उभा होता, एवढं मात्र खरं.
मी कोरड्या खोलीत होतो.

दादाची रेवती चौथीत आहे.
परवा तिच्या वहीत तांबडी खूण होती :
"दुख" लिहिलेलं, बाईंनी मधे विसर्ग घातलेला.
"काका, ही दोन टिंबं कशाला? वाचताना तर ऐकूच येत नाहीत."
मी म्हणालो, विसर्ग म्हणजे सोडणं.
"काय सोडणं?"

खिडकीत दादाचा एक गडू आहे, गाळातून सापडलेला.
एका बाजूनं चेपलाय. पाणी भरलं तर कलतो.
ती उत्तराची वाट बघत
पेन्सिलीनं तीच दोन टिंबं गिरवत बसली,
वरचं मोठं झालं, मग खालचं,
मग कागद फाटला.