आठवा हिस्सा

टॅनर व्हिटलॅच दारातच बूट काढतो, न सांगता.
कुणीतरी शिकवून पाठवलंय त्याला.
हा एक गुण मी त्याच्या बाजूला मांडते.

'सहज इथून चाललो होतो,' म्हणतो.
बार्न्सव्हिलच्या या टेकडीवरून सहज कुणी जात नाही,
रस्ता आमच्या तळ्यापाशी संपतो.
ताकाला आलायस बाबा, भांडं दिसतंय मला,
निळ्या फायलीतून काठ डोकावतोय.

एकरी साडेतीन हजार, सही झाली की.
मग जे निघेल त्याचा आठवा हिस्सा.
मुदत पाच वर्षं, कंपनीला वाटलं तर अजून पाच.
मला वाटलं तर काय, ते कलम मी शोधते.
नाही.

एकोणतीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली,
घडी घातलेल्या पातळ कागदावरची
मुंगीएवढी अक्षरं लोकांना वाचून दाखवली:
हे जेवणानंतर, हे पपनसाच्या रसाबरोबर नको,
यानं गुंगी येईल, गाडी चालवू नका.
मी चष्मा बदलते.
दुष्परिणाम पान नऊवर आहेत.

गॅस वर काढायचा खर्च त्यांचा.
तो सुकवायचा, दाबायचा, नळातून ढकलायचा खर्च
माझ्या आठव्यातून.
पलीकडच्या ऑर्फा स्टॉटलमायरनं हे पान न उलटता सही केली.
मागच्या महिन्यात तिला चेक आला,
अकरा डॉलर सदतीस सेंट.
तो तिनं फ्रिजवर चिकटवलाय.
'वटवायला गावात जायचं तर तेवढ्याचं पेट्रोल जळतं,' म्हणते.

'पाचवा,' मी म्हणते. 'आणि ढोबळ रकमेवर. निव्वळ नाही.'
टॅनर चहा फुंकतो.
'पाचवा या खोऱ्यात कुणालाच नाही.'
मी गप्प.
काउंटरपलीकडच्या माणसाला शांतता फार वेळ सोसत नाही,
हे मी पगार घेऊन शिकले आहे.
तो फोन करायला ट्रकमध्ये जातो.
काचेवर वाफ धरते, आत ओठ हलतात.
मी समासात पेन्सिलनं लिहिते:
विहिरीचं पाणी आधी तपासणार, खर्च तुमचा, प्रयोगशाळा माझी.
तळ्यापासून हजार फुटांत यंत्र नको.
ज्या थराला हात लावला नाही, तो मुदत संपली की परत.

परत येतो तेव्हा बूट पायातच.
'साडेसतरा टक्के. ढोबळ. तळं मान्य.
पण एक सांगायचं राहिलं.'
निळ्या फायलीतून झेरॉक्स निघते,
१९२१ सालचं खरेदीखत, वळणदार अक्षर.
कुण्या एझ्रा हॅदर्लीनं जमीन विकली
आणि जमिनीखालचं अर्धं ठेवून घेतलं,
स्वतःला, वारसांना, कायमचं.
वारस आता एकवीस. एक अलास्कात. दोघांचा पत्ता नाही.

म्हणजे साडेसतराचे पावणेनऊ.
तासभर चढून
आम्ही आठव्याच्याही खाली उतरलो.

सातबाऱ्यावर जमिनीला क्षेत्र असतं, खोली नसते.
मुकुंदनं हे बेचाळीस एकर घेतले
त्या संध्याकाळी आम्ही कुंपणाच्या प्रत्येक खांबाला
हात लावत फिरलो होतो.
खाली कुणी बघितलं?

'हे तुला येण्याआधी माहीत होतं?'
तो तळ्याकडे बघतो. 'हो.'
बरं. दुसरा गुण.

'साडेतीन हजार शुक्रवारपर्यंतच,' फाईल मिटताना म्हणतो.
खालचा गॅस चाळीस कोटी वर्षं थांबलाय टॅनर,
शुक्रवार त्याला कळायचा नाही.
कागद ठेवून जा, मेरिएटातली वकीलबाई बघेल.

फरशीवर ओले ठसे, दारापासून टेबलापर्यंत.
पुसत असताना ऑर्फाचा फोन.
'किती?'
'अजून ठरायचंय.'
'बूट काढले का त्यानं?'
'पहिल्यांदा.'
ती जरा थांबते.
'तुझ्याकडे येण्याआधी तासभर माझ्या स्वयंपाकघरात होता.
दिसायला पोरगं गरीब वाटलं गं,
म्हणून सांगितलं.'