कोपर

वीस वर्षं झाली, शिट्टीची दोरी गळ्यात.
सेलूच्या या काळ्या मैदानात
एकच वाक्य पेरत आलो : कोपर वर!
माझा आवाज मोंढ्यापर्यंत जायचा.
गोळा जायचा तेवढाच.

कॉलेजात मी म्हणजे पीटीचे सर.
गॅदरिंगला गर्दी आवरायची,
सव्वीस जानेवारीला झेंड्याची गाठ तपासायची.
अध्ययनाचे सिद्धांत बीएडवाल्यांचे,
आमच्याकडे फक्कीची पाटी आणि मोजपट्टी.

मग एका उन्हाळी वर्गात, लाईट गेलेली असताना,
घामेजल्या बाईंनी फळ्यावर लिहिलं :
शिकणाऱ्याला आधीच काय येतं, ते विचारा.
मी वहीत उतरवून घेतलं
आणि डबा खाल्ला.

देवशाला घोगरे. बी.ए. दुसरं वर्ष.
पहिल्या एसटीनं येते, ओढणी कमरेला खोचून.
गोळा धरायची उकळत्या पातेल्यासारखा.
'कोपर' म्हटलं की कोपर उचलायची
आणि पाय विसरायची.

त्या दिवशी माझा घसा बसला होता.
सिद्धांत नंतर, खरं कारण हे.
खरखरत विचारलं,
"घरच्या कुठल्या कामासारखं वाटतं गं हे?"

ती जरा थांबली.
"कडब्याची पेंढी गंजीवर फेकतोत ना सर, तसं.
पण ती हातानं नाही फेकत.
हातानं फेकली तर खांदा रातभर झोपू देत नाही.
पायानं फेकायची."

पायानं.
वीस वर्षं मी कोपराला ओरडत होतो.

"फेक मग पेंढी."
टाच भुईत रुतली, कंबर वळली,
आणि कोपर, कुणी न सांगता,
आपल्या जागेवर.
धप्.
खोटं कशाला बोलू,
कालच्यापेक्षा वीतभर अलीकडेच पडला.

तोंडात वाक्य तयार होतं. गिळलं.
चार किलोचं असावं.
"कसं वाटलं?"
"चुकलं सर. पण कुठं चुकलं ते कळलं."
आणि मी न सांगता स्वतःच गोळा आणायला पळाली.

रांगेतली नसरीन कधीची चुळबुळत होती.
"सर, आमच्याकडं कडबाच नाही.
आमचं गाद्यांचं दुकान."

शिट्टी खिशात टाकली.
फक्कीच्या रेघेवर बसलो, पँट पांढरी झाली.
"बरं," म्हटलं, "मग तुमच्याकडं काय उचलावं लागतं?"